पांडुरंगाचा नकार

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) बोलतो हिंदीत, पण त्यातला वाडा, पाऊस आणि माणसं आपल्या मुलखातली. नावही श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं. भयपट म्हणून त्याचं कौतुक पुष्कळ झालं. मला तो शेवटच्या काही मिनिटांसाठी फार मोठा वाटतो.

चित्रपटाचा नायक विनायक याला सगळं ठाऊक असतं. सोन्याचा हावरा शापित देव हस्तर याचा स्पर्श झालेला माणूस मरत नाही, सडत राहतो, हे त्याने लहानपणीच आजीच्या रूपात पाहिलेलं. मोठेपणी तो परततो तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं. पुढे सावकार राघवचीही तीच गत होते. तरी हस्तरला भुलवायला कणकेची बाहुली घेऊन, पिठाचं रिंगण आखून त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडणं सुरूच. शंका त्याच्या मनाला शिवतच नाही.

ती येते त्याच्या मुलाच्या, पांडुरंगाच्या वाट्याला. पण पांडुरंगही निष्पाप नाही. आख्खं लंगोटच पळवायची कल्पना त्याचीच. त्यासाठी बाहुल्या जास्त नेल्या जातात आणि हस्तरही तितकेच उपजतात. मग विनायक त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून दोरावर चढतो, सगळे हस्तर त्याच्यामागे लागतात आणि मुलगा वाचतो. आयुष्यभर हावरट राहिलेल्या माणसाचं हे खरंखुरं बापपण आहे.

बाहेर मात्र तो विद्रूप होऊन उभा, आणि हातातलं लंगोट मुलापुढे धरलेलं. ज्यासाठी ही गत ओढवली, तेच वारसा म्हणून द्यायचं! घोडबंदर रस्ता हमरस्त्याला मिळतो त्या आमच्या काशीमिऱ्यात शेतं गेली, टॉवर आले. मुलांच्या हाती काय ठेवायचं याचे हिशेब इथे घरोघरी चालतात. 2024च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा तो पुढे आलेला हात मला म्हणूनच परका वाटला नाही. देणाऱ्याची माया खोटी नसते, आणि घेणाऱ्याची पंचाईत तिथेच होते.

रणांगणावर अर्जुन डगमगला तेव्हा समजूत घालायला कृष्ण होता. पांडुरंगाजवळ कुणी नाही. बेत आपला, भोगलं बापाने, एवढं त्या पोराला एका क्षणात उमगतं. पांडुरंग साकारणाऱ्या मोहम्मद समदने ते डोळ्यांतून दाखवलंय. लंगोटाचा मोह, किळस, बापाबद्दलची कणव, सारं एकदम. रंगभूषेखालची ती आजीही समदनेच साकारली आहे, हे कळल्यावर हा प्रसंग आणखी खोल जातो.

पांडुरंग लंगोट नाकारतो आणि बापाला अग्नी देतो. या कृत्याला दिग्दर्शक सुटका म्हणत नाही, पापही म्हणत नाही. विनायकनेही आजीला जाळलं होतं, पण आधी तिच्याकडून खजिन्याचं गुपित काढून घेऊन. पांडुरंग काहीही न घेता जाळतो.