झोपेचे आकडे वाचताना

मॅथ्यू वॉकर या निद्रासंशोधकांचे 'व्हाय वुई स्लीप' हे पुस्तक २०१७ साली प्रसिद्ध झाले. वॉकर अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक आहेत. झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. स्मरण, शिकणे आणि मनाचा तोल या सर्वांना ती लागते, हे त्यांनी सोप्या भाषेत सांगितले आणि पुस्तक जगभर वाचले गेले. अशा पुस्तकांतील विधाने भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून शाळेपर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून ती कोणत्या आकड्यांवर उभी आहेत हे शिक्षकांनी तपासायला हवे. आम्ही येथे पुस्तकाची एकच बाजू घेत आहोत : झोपेचा प्रकृतीशी आणि मनःस्थितीशी संबंध दाखवताना आकड्यांचा वापर कसा केला आहे?

लातूर-नांदेडकडे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांमुळे 'लातूर पॅटर्न' गाजला आणि बाहेरगावची मुले लातूरला येऊ लागली. पुढे नांदेडही शिकवण्यांचे मोठे केंद्र झाले. भाड्याची खोली, खानावळीचा डबा, सकाळी महाविद्यालय, मग शिकवणी, रात्री चाचणीची तयारी. या वेळापत्रकात कात्री लागते ती झोपेला. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ साली केली आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. 'नीट'ची तयारी करणारी मुले त्या निर्णयाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना झोपेविषयी काय सांगायचे हे शिक्षकालाच ठरवावे लागते.

आमचा पहिला आक्षेप एका आलेखावर आहे. लॉस एंजेलिसमधील ११२ शाळकरी खेळाडूंचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. कमी झोपणाऱ्या मुलांना खेळताना अधिक दुखापती होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. वॉकर यांनी त्यातील आलेख पुस्तकात घेतला. त्यात झोपेचे तास घटतात तशा दुखापती पायरीपायरीने वाढताना दिसतात. मूळ आलेखात मात्र पाच तास झोपणाऱ्यांचाही एक स्तंभ आहे आणि तो सहा तासांच्या स्तंभापेक्षा ठेंगणा आहे. पुस्तकात तो स्तंभच नाही. अलेक्सी गुझे या अभ्यासकाने २०१९ साली ही गोष्ट उघडकीस आणली.

एक स्तंभ गळाल्याने काय बिघडते? फळ्यावर एक उदाहरण करून पाहू. आकडे काल्पनिक आहेत. चार मुलांची झोप ५, ६, ७ व ८ तास आणि मनःस्थितीचे दहापैकी गुण अनुक्रमे ६, ४, ६ व ८ आहेत असे समजा. रिग्रेशन म्हणजे या ठिपक्यांमधून त्यांच्या शक्य तितक्या जवळून जाणारी रेषा काढणे. झोपेची सरासरी ६.५ आणि गुणांची ६. प्रत्येक मुलाचे सरासरीपासूनचे दोन्ही फरक घेऊन त्यांचा गुणाकार करा. चारही गुणाकारांची बेरीज ४ येते. झोपेच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ५ येते. ४ भागिले ५ म्हणजे ०.८, हा रेषेचा चढ. झोप एका तासाने अधिक तर गुण सरासरीने ०.८ अधिक, असा त्याचा अर्थ. सहसंबंध गुणांक सुमारे ०.६३ येतो.

आता पाच तास झोपणाऱ्या मुलाला वगळा. चढ ०.८ वरून २ होतो, सहसंबंध गुणांक थेट १ होतो आणि उरलेले तिन्ही ठिपके एका रेषेत येतात. आकड्यांत काहीही खोटे नाही, तरीही चित्र खोटे झाले. पाच तास झोपणारी मुले थोडी असतील, त्यांच्या स्तंभावर फार भिस्त ठेवू नये, असे म्हणता येते. पण मग स्तंभ दाखवून तसे लिहायचे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखाद्या विद्यार्थ्याने नको तो ठिपका खोडला तर आपण त्याला खडसावू. तोच नियम प्राध्यापकांनाही लागू आहे.

दुसरा आक्षेप रेषा लांबवण्याविषयी आहे. वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली २६ जणांवर एक प्रयोग केला. त्यांतील काहींना सुमारे ३५ तास जागे ठेवले आणि मन विचलित करणारी चित्रे दाखवली. जागरण केलेल्यांच्या मेंदूतील ॲमिग्डाला हा भावनांशी निगडित भाग झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक उत्तेजित झाला. प्रयोग महत्त्वाचाच आहे. पण तो पूर्ण जागरणाविषयी सांगतो. रोज सहा तास झोपणाऱ्या मुलीविषयी तो थेट काही सांगत नाही. ज्या टप्प्यातले आकडे गोळा केले, त्या टप्प्यापुरतीच रेषा विश्वासाची. तिच्या बाहेरचे विधान हा अंदाज असतो आणि तो अंदाज म्हणूनच सांगावा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : कारण कोणते? झोप कमी म्हणून मन उदास, की मन उदास म्हणून झोप येत नाही? की दोन्हींच्या मागे तिसरेच काही आहे? लातूर जिल्ह्यात हे समजावून सांगायला परके उदाहरण लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंतींची माळवदाची घरे कोसळून हजारो माणसे झोपेतच गेली. जे वाचले त्यांतील अनेकांना नंतर छपराखाली झोपण्याची भीती वाटे. या आपत्तीच्या मानसिक परिणामांचा अभ्यास भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने हाती घेतला, डॉ. मोहन आगाशे त्याचे प्रमुख संशोधक होते. आता कल्पना करा की, त्या गावांत कोणी केवळ झोपेचे तास आणि मनःस्थितीचे गुण नोंदवले असते. सहसंबंध नक्कीच मिळाला असता. त्यावरून 'यांनी जास्त झोपावे म्हणजे मन ठीक होईल' असे कोणी म्हटले असते, तर गावकऱ्यांना काय वाटले असते? झोप आणि उमेद ही दोन्ही एकाच पहाटे गेली होती.

शिकवणीच्या गावातील मुलाचेही असेच असू शकते. घरचे कर्ज, चाचणीतले घसरलेले गुण, खोलीतला उकाडा, घरची आठवण. यांतील कोणतीही गोष्ट झोप आणि मन दोन्ही बिघडवू शकते.

कारण शोधायचे तर प्रयोग करावा लागतो. चेन्नईत अल्प उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांवर असा एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ही माणसे रात्री आठ तास अंथरुणात असत, पण प्रत्यक्ष झोप सुमारे साडेपाच तासच होई. मनगटावरच्या उपकरणाने ती मोजली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांची विभागणी करून काहींना झोप वाढवण्यासाठी साधने व प्रोत्साहन दिले. त्यांची रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढली. परंतु काम, विचारशक्ती किंवा मनाचे स्वास्थ्य यांत फरक आढळला नाही. कामाच्या जागी दुपारी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तेव्हा मात्र मनःस्वास्थ्य सुधारले. रात्रीची झोप वारंवार मोडत होती, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. म्हणजे केवळ तास मोजून भागत नाही. यावरून रात्रीची झोप निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. प्रयोग प्रौढांवरचा आणि थोड्या आठवड्यांचा होता.

मग वर्गात काय करावे? प्रत्येक विद्यार्थ्याने चार आठवडे स्वतःचीच नोंद ठेवावी : निजण्याची वेळ, उठण्याची वेळ, रात्री किती वेळा जाग आली आणि रोज ठरलेल्या वेळी मनःस्थितीला दिलेले गुण. चाचणी, आजारपण, घरून आलेला निरोप यांसाठी वेगळा रकाना असावा. अशाने मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. दुसऱ्याच्या आठ तासांशी होत नाही. सर्व ठिपके मांडावेत, एकही खोडू नये. रेषा काढावी, पण आकड्यांच्या बाहेर नेऊ नये. नोंदवह्या वर्गात वाचून दाखवू नयेत.

एखादे मूल सतत उदास दिसत असेल, तर आलेख पुरा होण्याची वाट पाहू नये. त्याच्याशी व घरच्यांशी बोलावे, डॉक्टरांकडे पाठवावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा शासकीय क्रमांक वर्गात लिहून ठेवण्यासारखा आहे.

वॉकर यांचे पुस्तक वाचू नये असे आम्ही म्हणत नाही. मुलांची झोप तोडू नका हा त्याचा सल्ला आम्हांला मान्य आहे आणि लातूर-नांदेडच्या वेळापत्रकांना तो लागू पडतो. पण योग्य सल्ल्यासाठी आलेख कापावा लागत नाही. आणि कापलेल्या आलेखाने घाबरलेल्या मुलाला रात्री अधिक चांगली झोप लागेल, असे मानायलाही आधार नाही.