ओगियनचे मौन : पुनर्वाचनाचा एक अनुभव

कथानकाविषयीचे औत्सुक्य एकदा शमले की अद्भुतकथेत उरते काय, असा प्रश्न रसिक नेहमी विचारतात. अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांची ‘अर्थसी’ ही कुमारांसाठी लिहिलेली कादंबरीमाला त्याचे चोख उत्तर देते.

१९६८ सालच्या पहिल्या कादंबरीत गेड हा मुलगा ओगियन या मंत्रवेत्त्याचा शिष्य होतो. गुरू पाऊस मंत्राने परतवीत नाही, झाडाखाली निजतो. बोलतो तर फारच थोडे. शिष्य कंटाळतो आणि कुमार वाचकही त्याच्यासवे रोक बेटावरील मंत्रविद्यालयाकडे धाव घेतो. पुन्हा वाचताना ध्यानी येते, की खरे शिक्षण ओगियनपाशीच सुरू झाले होते. गेडच्या पाठीशी लागलेल्या छायेचे नाव त्याचेच आहे, हे आता ठाऊक असते. म्हणून भय ओसरते आणि करुणा जागी होते.

खुद्द लेखिकाही या सृष्टीकडे परतल्या. १९७१ व १९७२ मधील दोन भागांनंतर, १९९० साली त्यांनी ‘तेहानू’ लिहिली. तीत गेडचे मंत्रसामर्थ्य सरले आहे आणि टेनार ही प्रौढ विधवा केंद्रस्थानी आहे. स्त्रियांच्या विद्येला पूर्वी दिलेले हीन स्थान येथे प्रश्नांकित होते. पूर्वीची मोहिनी येथे नाही, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु ही कादंबरी वाचल्यावर आधीचे भाग पहिल्यासारखे वाचताच येत नाहीत.

आवडत्या पुस्तकाकडे परतणे म्हणजे बालपणात दडणे नव्हे. जेथून आपण घाईने निघून गेलो, तेथे थांबण्याची पात्रता येणे, हाच पुनर्वाचनाचा आनंद होय.