सिंथेसायझरचा जुना नाद आणि त्याची नवी प्रत

संगणकावर संगीतरचना करणाऱ्या तरुणांत सध्या जुन्या अ‍ॅनलॉग सिंथेसायझरच्या ‘लीड’विषयी, म्हणजे साथीच्या वर चालणाऱ्या एकेरी सुरावटीच्या नादाविषयी, मोठी ओढ दिसते. मूळ यंत्रे दुर्मिळ व महाग; तेव्हा त्यांचा नाद संगणकात उभा करावयाचा, असा हा उद्योग आहे. उद्योग स्तुत्यच आहे. परंतु प्रत मुळाबरहुकूम उतरली की नाही, हे ठरविण्याची जी कसोटी सामान्यतः लावली जाते ती अपुरी आहे, असे आमचे मत आहे.

ही कसोटी अशी: मूळ यंत्रावर एक स्वर लांबवून धरावयाचा, प्रतीवर तोच धरावयाचा आणि दोहोंतील स्वरांशांची तुलना करावयाची. भाषेच्या अभ्यासकाला ही चूक ओळखीची वाटेल. उच्चार हा सुट्या, स्थिर ध्वनींची माळ आहे, अशीच समजूत एके काळी होती. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत कृत्रिम वाणीचे प्रयोग झाले. ब, द, ग ही व्यंजने श्रोता ओळखतो ती पुष्कळ अंशी लगतच्या स्वराकडे जाणाऱ्या संक्रमणावरून, हे त्यांतून दिसून आले. ओळख स्थिर भागात नसून वाटचालीत असते.

हेच तत्त्व सिंथेसायझरला लावून पाहू. १९७० साली विक्रीस आलेल्या मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजतो. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर खालचा स्वर उमटतो. आणि पहिली पट्टी सोडण्यापूर्वी दुसरी दाबली तर नवा आघात होत नाही, आधीचाच नाद पुढे चालू राहतो. म्हणजे या यंत्राला स्वतःचे संधिनियम आहेत. वादकाची बोटे त्या नियमांना सरावतात व त्यांतूनच त्याची शैली घडते. प्रतीत तिन्ही आंदोलक आणि फिल्टर हुबेहूब असले, पण हे नियम बदलले, तर वर्ण तेच राहून व्याकरण परके झाले, असे म्हणावे लागेल.

आपल्याकडील दोन उदाहरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटाचे संगीत हेमंतकुमार यांचे. त्यातील प्रसिद्ध बीन ही गारुड्याची बीन नव्हे. कल्याणजी यांनी क्लॅव्हियोलिन या निर्वात नलिकांवर चालणाऱ्या विद्युत्‌वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर ती साधली. तिचा नाद पुंगीच्या नादाशी तंतोतंत जुळत नाही. तरीही फसगत पुरी होते. कारण अखंड श्वासाची चाल आणि स्वरांमधील लपेट यांचे अनुकरण नेमके आहे.

दुसरे उदाहरण मुंबईच्या चरणजितसिंग यांच्या १९८२ सालच्या ध्वनिमुद्रिकेचे. दहा रागांची ही मुद्रिका डिस्को तालावर बांधली असून त्यांनी रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे वापरली. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची गणना ‘अ‍ॅसिड हाउस’ या पाश्चात्त्य प्रकाराच्या पूर्वसूरींत होऊ लागली. या गौरवात तिचा खरा गुण झाकला जातो, अशी आमची तक्रार आहे. त्यांनी यंत्राच्या सरकत्या स्वराला मींडेचे काम दिले, हा तो गुण होय. ताल यंत्रवत व एकसुरी आहे, हा आक्षेप मान्य करूनही सुरावटीचे हे यश नाकारता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, जुन्या यंत्रांची ऊब त्यांच्या आंदोलकांच्या अस्थिरपणात आहे. ते उष्णतेने किंचित ढळतात आणि तेच प्रतीत यावयास हवे. हे अंशतः खरे आहे. परंतु ज्युपिटर-८ वर स्वर पुन्हा जुळवून घेण्याची कळ निर्मात्यांनीच बसविली होती, हेही विसरून चालणार नाही. ज्याला आज आपण गुण म्हणतो तो त्यांच्या लेखी दोष होता.

नाशिकमध्ये लग्नाची वरात निघाली की कीबोर्डवर ‘नागिन’ची धून हटकून वाजते. कीबोर्ड साधा असतो, नाद मुळापासून कितीतरी दूर गेलेला असतो. तरी पहिल्या दोन-चार स्वरांतच कोणीतरी रुमाल दातांत धरून रस्त्यावर लोळण घेतो. त्याने नाद ओळखलेला नसतो; चाल ओळखलेली असते. जुन्या लीडची प्रत तपासणाऱ्यांनीही एक स्वर न घेता एक पूर्ण वाक्य घ्यावे, पट्ट्या एकमेकींवर चढवून ते वाजवावे आणि मगच निर्णय द्यावा.