‘रिस्ट्रेंट’ आणि संयम : एका समीक्षासंज्ञेची संदिग्धता

इंग्रजीतील ‘रिस्ट्रेंट’ ही संज्ञा समीक्षेत लेखकाचा गुण सांगते, तर कायद्यात त्याच्यावरील बंधन. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३१ साली ‘निअर विरुद्ध मिनेसोटा’ या खटल्यात प्रकाशनपूर्व ‘रिस्ट्रेंट’ सर्वसाधारणतः घटनाविरोधी ठरवला. पुढच्याच वर्षी हेमिंग्वेने ‘डेथ इन द आफ्टरनून’मध्ये लेखकाने जाणतेपणी वगळलेल्या आशयाचे सामर्थ्य हिमनगाच्या प्रतिमेतून मांडले. समीक्षक त्यालाही ‘रिस्ट्रेंट’च म्हणतात. बोलू न देणे आणि न बोलणे, या दोहोंसाठी शब्द एकच.

या संदिग्धतेचे मूळ व्युत्पत्तीत आहे. ‘रिस्ट्रेन’च्या लॅटिन मुळाचा अर्थ मागे ओढून बांधणे. ‘कर्ब’ घोड्याच्या लगामाशी निगडित आहे. ‘चेक’ बुद्धिबळाच्या पटावरून आला असून मराठीतील ‘शह’ हा त्याच फारसी ‘शाह’चा वंशज. या सर्व प्रतिमांत आवरणारा एक आणि आवरला जाणारा दुसरा आहे. ‘रिफ्रेन’ या क्रियापदाच्या मुळाशीही लगामच आहे. परंतु त्याच्या आजच्या वापरात हे दोघे एक होतात. दुसऱ्याला ‘रिस्ट्रेन’ करता येते. ‘रिफ्रेन’ मात्र ज्याचे त्यानेच करायचे असते.

मराठीने हा भेद दोन शब्दांत वाटून घेतला : बाहेरचा तो निर्बंध, आतला तो संयम. कठोपनिषदातील रथरूपकात मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी. घोडे, लगाम, सारथी सारे एकाच व्यक्तीत सामावलेले. संयम या कल्पनेमागे ही परंपरा उभी असल्याने तो स्वेच्छेचाच असणार, असे समीक्षक गृहीत धरतो. लेखन ‘संयत’ म्हटले की त्यातील मौन निवडीचे, भयाचे की शिष्टाचाराचे, हा प्रश्नच उरत नाही.

१९७२ साली प्रसिद्ध झालेल्या नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’पुढे हा निकष अपुरा पडतो. ज्या भाषिक शिष्टाचाराने ते जग उच्चारबाह्य ठरवले होते, त्याच शिष्टाचारातून आलेला संयम या कवितेकडे मागणे म्हणजे निर्बंधाला गुणाचे नाव देणे होय. याचा अर्थ संयम हे मूल्य त्याज्य आहे, असा नाही. ते कलाकृतीला लावण्यापूर्वी तेथील लगाम कोणाच्या हाती आहे, याची चौकशी समीक्षेने केली पाहिजे, एवढाच आहे.