दायमाबादच्या धातुमूर्ती : काल आणि नाम

प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर, श्रीरामपूर तालुक्यांत, दायमाबाद नांवाचें एक ओसाड गांव आहे. १९७४ सालीं तेथें एक भिल्ल शेतकरी झाडाचें मूळ खणीत असतां त्यास चार धातुमूर्ती सांपडल्या : दोन बैल जोडलेलें व उभ्या पुरुषानें हांकलेलें एक वाहन, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. वाहनाची लांबी ४५ सेंटिमीटर, हांकणाऱ्या पुरुषाची उंची १६ सेंटिमीटर. रेडा ३१, हत्ती २५ व गेंडा १९ सेंटिमीटर उंच. मूर्ती भरीव ओतीव असून चोहोंचें मिळून वजन ६० किलोग्रॅमांहून अधिक भरतें. ताम्रपाषाणयुगांतील दख्खनच्या शेतकरी वस्त्यांतून मणी, बांगड्या, छिन्न्या, क्वचित् एखादी कुऱ्हाड, अशाच किरकोळ तांब्याच्या वस्तू येतात. त्यांच्या पंगतीस हें ६० किलोंचें ओझें ठेविलें म्हणजे प्रश्न आपोआप उभा राहतो.

हा प्रश्न सुटला आहे असें समजून हल्लीं लिहिण्याची चाल पडली आहे. पाठ्यपुस्तकें, चित्रसंग्रह व प्रदर्शनांतील पाट्या यांवर या मूर्ती 'उत्तर हडप्पाकालीन, सुमारें इ. स. पू. २०००' अशा एका दमांत सांगितलेल्या आढळतात. तसें ठामपणें म्हणण्याइतका आधार आहे काय, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

मधुसूदन नरहर देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी या तिघांनीं दायमाबाद येथें वेगवेगळ्या वर्षीं उत्खनन केलें, आणि तिघांचेंही मत मूर्ती उत्तर हडप्पाकालाच्या असें पडलें. साळींचें काम सर्वांत विस्तृत. त्यांचा १९७६-७९ च्या उत्खननाचा अहवाल १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या अहवालाची योग्यता आम्ही जाणतों. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे असे पांच थर त्यांनीं एकाखालीं एक उलगडून दाखविले, आणि सिंधुलिपीचीं चिन्हें असलेल्या मुद्रा व खापरें प्रवरेकांठीं निघालीं हें महाराष्ट्राच्या इतिहासांत लहानसहान नव्हे. परंतु मूर्ती या पांचांपैकीं कोणत्या थरांतल्या, याचा जबाब त्या थरांनीं दिलेला नाहीं. मूर्ती निघाल्या तेव्हां तेथें कोणी पुराविद् उभा नव्हता. खड्ड्याची माती उपसली गेली तेव्हांच थराशीं असलेला त्यांचा संबंध तुटला. मग उरला तो परिस्थितिजन्य पुरावा. तो असा, कीं गांवीं हडप्पा लोकांची वस्ती होती, मूर्ती हडप्पा लोकांस शोभण्याजोग्या आहेत, सबब त्या त्यांच्याच. नैयायिक यास अनुमान म्हणेल खरा, पण व्याप्ति कोठें आहे असें लागलीच विचारील. गांवांत जोर्वे लोकही राहत होते. शिवाय मोहेंजोदडो येथील सुप्रसिद्ध नर्तिकेची मूर्ति जेमतेम ११ सेंटिमीटरांची आहे, आणि हडप्पा व चन्हूदडो येथें मिळालेल्या तांब्याच्या गाड्या बोटभर लांबीच्या. म्हणजे 'शोभण्याजोग्या' या शब्दावरही फार भार टाकतां येत नाहीं.

उलट पक्ष डी. पी. अग्रवाल यांचा. त्यांनीं मूर्तींच्या धातूचें रासायनिक पृथक्करण पाहिलें. त्यांत आर्सेनिक, म्हणजे आपल्या सोमलाचें मूलद्रव्य, शेंकडा १ हून अधिक आढळलें. इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिकाची अशी मिसळ दिसत नाहीं, म्हणून या मूर्ती ऐतिहासिक कालांतील असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष. प्रयोगशाळेचें नांव ऐकतांच आमच्यासारखे पोथीपंडित हात जोडतात. परंतु येथेंही तर्काची पायरी एक निसटली आहे. मूर्ती जर बाहेरून आल्या असतील, तर प्रवरेकांठच्या छिन्न्यांशीं त्यांची धातु जुळलीच पाहिजे असें नाहीं. हडप्पा व मोहेंजोदडो येथील कित्येक वस्तूंत आर्सेनिक आहे. गंगा-यमुनेच्या दुआबांतील ताम्रनिधींतही तें आढळलें आहे. शिवाय ऐतिहासिक कालांतील म्हणावयाच्या, तर सातवाहनांच्या की त्यांच्याही अलीकडच्या, आणि त्या काळीं अशीच मिसळ करीत याला दाखला कोणता, हें सांगण्याचें ओझें तोच पक्ष घेणाऱ्यावर पडतें. 'तेथें नाहीं, म्हणून तेव्हांचें नाहीं' हा अभावाचा पुरावा आहे, आणि अभाव सिद्ध होण्यास आधीं शोध पुरा झालेला असावा लागतो.

रूपावरून काल सांगणाऱ्यांविषयीं लिहितांना आम्हांस थोडा संकोच वाटतो, कारण ती चूक आम्हीं स्वतः केली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका गृहस्थांनीं शेतांत सांपडलेला म्हणून एक पितळी बैल आमच्याकडे आणिला. पायांखालीं पाट, पाटाखालीं आंखाचीं भोकें, चाकें गेलेलीं. आम्हीं त्याच दिवशीं त्यास दोन हजार वर्षांचा ठरविला आणि एका सभेंत तसें बोलूनही बसलों. पुढें एका वृद्ध तांबटानें तो हातांत घेऊन उलटा केला, पोटाखालची कानसेची घासणी दाखविली आणि हंसून म्हणाला, "मास्तर, हें आमच्या आजाच्या हातचें काम." विदर्भांत तान्ह्या पोळ्यास मुलें लांकडी बैल चाकांवर ओढीत नेतात, तें आम्हीं लहानपणापासून पाहिलेलें, पण जुन्या वस्तूच्या मोहांत तें आठवलें नाहीं. चाकावरचा प्राणी हडप्पाकालीं मातीचा होता, शूद्रकाच्या नाटकाचें नांवच मातीच्या गाडीवरून पडलें, आणि आजचें पोर तोच दोरीनें ओढतें. जें रूप चार हजार वर्षें बदललें नाहीं, तें आपली जन्मतिथि कशी सांगणार? दायमाबादचा रेडा व गेंडा चाकांवर आहेत, हत्तीच्या पाटाखालीं आंखासाठीं भोकें आहेत. यावरून मूर्ती मिरवणुकींत ओढीत असत असा तर्क होतो व तो आम्हांस पटतो. कालाचा निर्णय मात्र त्यांतून निघत नाहीं.

याहून दुबळा दुवा पशुपतीचा. मोहेंजोदडोच्या सुप्रसिद्ध मुद्रेवर बैठक घातलेल्या पुरुषाभोंवतीं हत्ती, वाघ, गेंडा व रेडा आहेत. दायमाबादेसही हत्ती, गेंडा व रेडा आहेत. तेव्हां गाडीवरचा पुरुष तोच देव, अशी जुळणी केली जाते. मुद्रेवरचा वाघ दायमाबादेस नाहीं, दायमाबादचे बैल मुद्रेवरील त्या परिवारांत नाहींत. शिवाय एक देव स्वस्थ बसलेला, तर दुसरा उभ्यानें गाडी हांकतो आणि त्याच्या दांडीवर कुत्रा उभा आहे. साम्य तेवढें मोजावयाचें व भेद सोडून द्यावयाचे, ही रीत शालेय परीक्षेंतही आम्ही चालूं देत नसूं.

आतां नामाविषयीं. बैलजोडीच्या या वाहनास सर्वत्र 'रथ' म्हणतात. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसास हा शब्द खटकतो, पण कां खटकतो तें नीट सांगितलें पाहिजे. वैदिक वाङ्मयांत बैलांच्या वाहनास नित्याचा शब्द 'अनस्'. बैलास 'अनडुह्' म्हणतात तोच मुळीं अनस् वाहून नेतो म्हणून. दशम मंडलांतील विवाहसूक्तांत सूर्या पतिगृहीं निघते तें वाहन अनस्, व त्यास जोडलेले अनड्वाह. अमरानेंही अनस् व शकट एकत्रच घातले आहेत. रथाचें चाक आऱ्यांचें, आणि वेदांतील कितीतरी उपमा त्या आऱ्यांवर व तुंब्यावर उभ्या आहेत; दायमाबादच्या वाहनाचीं चाकें भरीव आहेत. येथवर आमचें म्हणणें सरळ आहे. परंतु त्याच दशम मंडलांत मुद्गलाचें सूक्त आहे, आणि त्यांत शर्यतीच्या रथास बैल जोडलेला आहे. यास्क रथ शब्द गत्यर्थक 'रंह्' धातूपासून व्युत्पादितो. त्याच्या दृष्टीनें जें वेगानें जाईल तें रथ. सबब 'बैल आहेत म्हणून रथ नव्हे' असा सरसकट नियम करतां येत नाहीं, आणि तसा नियम आम्हीं पूर्वीं विद्यार्थ्यांस सांगत असूं तर तो मागें घेतला पाहिजे.

हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. बागपत जिल्ह्यांतील सिनौली येथें २०१८ सालीं दफनांत तांब्यानें मढविलेलीं भरीव चाकांचीं वाहनें निघालीं. उत्खननकर्त्यांनीं त्यांस रथ म्हटलें. लागलीच घोडे, आर्य व वेद यांची चर्चा वर्तमानपत्रांतून सुरू झाली. अश्वाचे अवशेष त्या वाहनांबरोबर मिळाले नाहींत. आस्को पार्पोला यांनीं तीं बैलांचीं वाहनें असें म्हणतांना दायमाबादच्या याच मूर्तीचा दाखला घेतला. तेव्हां प्रवरेकांठच्या मूर्तीचा काल जर संशयित, तर तिच्यावर उभारलेली यमुनेकांठची इमारतही तितकी हालते, हें ध्यानांत ठेवावें. नाम म्हणून आम्ही 'छकडा' सुचवितों. हा शब्द शकटापासून आल्याचें मानतात, आणि दांडीवर तोल सांभाळीत बैल पिटाळणारा माणूस शंकरपटांत ज्यानें पाहिला आहे त्यास मूर्ति ओळखूं येण्यास कोश लागत नाहीं.

अशा वस्तूंचा निर्णय पुढें होऊं शकतो काय? जर्मनींतील नेब्राजवळच्या टेकडीवर १९९९ सालीं दोघां इसमांनीं बेकायदा धातुशोधक यंत्र लावून एक कांस्याची तबकडी उकरली. हत्यार लागून तिची कड दुखावली. तिच्यावर सोन्याचा चंद्र व तारे आहेत. ती हातोहात विकली गेली व २००२ सालीं बाझेल येथें पोलिसांच्या सापळ्यांत परत मिळाली. वस्तूस चिकटलेली माती टेकडीच्या मातीशीं ताडून पाहिली गेली, बरोबर निघालेल्या तरवारीच्या मुठींतील भूर्जसालीवरून काल काढिला, व ती इ. स. पू. १६०० च्या सुमारास पुरली असें ठरलें. तरीही २०२० सालीं दोघां विद्वानांनीं वस्तू एकाच ठिकाणच्या आहेत याविषयींच शंका घेऊन तबकडी सुमारें हजार वर्षें अलीकडे ओढली, आणि दुसऱ्या पक्षास पुन्हा त्याच मातीचा आधार घेऊन उत्तर द्यावें लागलें. दायमाबादचा शेतकरी चोर नव्हता. त्यानें जागा लपविली नाहीं. त्याच्या प्रामाणिकपणामुळें आपणांस निदान स्थळ ठाऊक आहे.

आमच्याकडे ओळखीसाठीं येणाऱ्या वस्तूंची स्थिति याहून वाईट असते. हल्लीं तींच यंत्रें घेऊन कांहीं हौशी मंडळी गडांच्या पायथ्याशीं फिरतात, आणि मिळालेली मुद्रा, मूठ वा घंटा चिंचेनें लख्ख घांसून आणतात. हिरवी पुटी गेली, माती गेली, जागा 'तिकडे कोठेंतरी'. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांवरील निधीची लेखी वर्दी कलेक्टराकडे देण्यास सांगतो, आणि त्या वर्दींत निधीचें स्वरूप व किंमत यांबरोबर सांपडल्याची जागा व तारीख मागतो. दीडशें वर्षांपूर्वींच्या महसुली कारकुनास जें सुचलें तें आमच्या संग्राहक मित्रांस सुचूं नये, याचें नवल वाटतें.

दायमाबादच्या मूर्तींपुरतें आमचें मत असें : उत्तर हडप्पाकालाचा पक्ष अधिक संभाव्य, कारण ऐतिहासिक कालाच्या पक्षास त्या त्या कालांतील सजातीय मूर्ति एकही दाखवितां आलेली नाहीं, परंतु संभाव्य तें सिद्ध नव्हे. धातूंतील शिशाचीं समस्थानिकें तपासून खनिज कोणत्या खाणीचें तें ताडतां येतें, आणि त्यासाठीं कणभर धातु पुरते. तें काम या चारही मूर्तींवर एकाच वेळीं, एकाच हातानें व्हावें, आणि त्याबरोबर दायमाबादच्याच थरांतून निघालेल्या तांब्याच्या वस्तूही तपासाव्या. तोंपर्यंत पाटीवर 'सुमारें इ. स. पू. २०००' या अक्षरांपुढें 'वादग्रस्त' एवढा एक शब्द घालण्यास जागा आहे. आम्हीं ती पाटी पाहिली आहे.