राबाची आग आणि निर्णयाचा अधिकार : एक चिकित्सा

ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या 'सांस्कृतिक दहना'विषयी बरेच लेखन झाले आहे. ते वाचताना ठाणे-पालघरमधील वारली व कोकणा शेतकऱ्यांचा राब आठवणे स्वाभाविक आहे; परंतु ही तुलना जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

राब शेतात भाजला जातो, जंगलात नव्हे. रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत व माती यांचे थर रचून उन्हाळ्यात ते मंद जाळतात. तणाचे बी मरते, राखेचे खत होते आणि पावसाच्या तोंडावर तेथे भात पेरला जातो. फांद्या मात्र जंगलातून येतात. संघर्षाचे मूळ येथेच आहे. १८८५ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी नेमलेल्या वन आयोगापुढे राबाचा प्रश्न अग्रभागी होता. (आज महानगरात विरलेले वेसावे म्हणजे वर्सोवा तेव्हा ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यातच होते.) कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये राबाचे वर्णन आहे, पण तेथे बोलतो तो अधिकारी, शेतकरी केवळ वर्णनाचा विषय ठरतो.

बिल गॅमेज यांचा २०११ चा ग्रंथही मुख्यतः वसाहतकालीन नोंदी व चित्रांवर उभा आहे. व्हिक्टर स्टेफनसेन यांचे २०२० चे 'फायर कंट्री' येथे वेगळे पडते. केप यॉर्कमधील जॉर्ज मस्ग्रेव्ह व टॉमी जॉर्ज या ज्येष्ठांकडून ते शिकले. माती, गवत व झाडे पाहून केव्हा पेटवावे आणि केव्हा थांबावे, हे त्यात प्रत्यक्ष आग हाताळणाराच सांगतो. तेव्हा तुलना ज्वालांची नव्हे, निर्णयाधिकाराची व्हावयास हवी.

ही कसोटी लावली की चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावही याच चर्चेत येते. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. कारण त्यासाठी झाडे छाटली जातात व जंगलाला आग लावली जाते. उत्पन्नावर पाणी सोडून घेतलेला हा आग नाकारण्याचा निर्णयही त्याच अधिकाराचा वापर होय. 'आदिवासी म्हणजे जाळणारा' या समजुतीस, मग ती निंदेची असो वा गौरवाची, पाचगावने छेद दिला आहे.

वेसाव्याच्या कोळ्यांनाही हा पेच अपरिचित नाही : नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रूढी त्यांची, बंदीचा आदेश शासनाचा. १९२७ च्या वन अधिनियमातील कलम २६ राखीव वनास आग लावणे गुन्हा ठरवते. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क देतो. वणवा रोखण्यासाठी ग्रामसभेने स्वतःहून नियंत्रित जाळरेषा काढली, तर तिला कोणते कलम लागू करावयाचे?