स्टीमपंक शैलीचे आकर्षण : दृश्य यंत्र आणि अदृश्य माणूस

प्रस्तावना

पितळी दंतचक्रे, दाबमापकांच्या तबकड्या आणि वाफेवर उडणारी अवजड जहाजे यांनी ओळखली जाणारी ‘स्टीमपंक’ शैली कादंबरीतून चित्रपट, शिल्प व वेशभूषेपर्यंत पसरली आहे. अमेरिकन कादंबरीकार के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रातून ही संज्ञा पुढे आली. एकोणिसाव्या शतकातील वाफेचे तंत्रज्ञानच पुढे विकसित होत गेले असते तर काय झाले असते, ही या शैलीची मूळ कल्पना होय. तिचे आकर्षण म्हणजे गतकालाविषयीची हळवी ओढ, असे सामान्यतः मानले जाते. हे आकलन अपुरे आहे, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

दृश्य यंत्राचे आकर्षण

आजचे यंत्र बंदिस्त आहे. भ्रमणध्वनीच्या काचेआड काय घडते ते वापरणाऱ्यास दिसत नाही. वाफेच्या इंजिनात मात्र दट्ट्या सरकतो, दांडा हलतो आणि चाक फिरते. कार्यकारणाची साखळी डोळ्यांसमोर उलगडते. चार्ल्स बॅबेज यांनी आराखडा केलेले दुसरे डिफरन्स इंजिन त्यांच्या हयातीत उभे राहिले नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याचा गणनाचा भाग १९९१ मध्ये पूर्ण केला, तेव्हा आकडेमोड चाकांच्या फिरण्यात पाहता येऊ लागली. स्टीमपंक कलाकृती प्रेक्षकाला हाच आनंद देते. यंत्र समजू शकते, हा विश्वास ती परत मिळवून देते.

चेक दिग्दर्शक कारेल झेमान यांनी १९५८ च्या चित्रपटात ज्यूल व्हर्न यांच्या पुस्तकांतील कोरीव चित्रांच्या रेषा थेट नेपथ्यावर उतरविल्या. तथापि, त्या मोहक रेषांच्या केंद्रस्थानी एक संहारक स्फोटक आहे. म्हणजे ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच या दृश्यशैलीत मोह आणि इशारा एकत्र नांदत होते.

अदृश्य माणूस

यंत्र दिसते, परंतु त्याच्या भट्टीत कोळसा टाकणारा दिसतो काय? या शैलीची खरी कसोटी येथे लागते. हायाओ मियाझाकी यांनी वेल्समधील खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपाच्या सुमारास तेथील खाणवस्त्या पाहिल्या होत्या. ‘लापुटा’ (१९८६) या त्यांच्या चित्रपटातील कष्टकरी गावात त्याचे प्रतिबिंब आढळते. कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘स्टीमबॉय’ (२००४) १८६६ च्या इंग्लंडमध्ये घडतो आणि शोध शस्त्रव्यापाराच्या हाती जाण्याचा प्रश्न मध्यवर्ती ठेवतो.

वाफेच्या युगामागे साम्राज्यही उभे होते, आणि भारतीय वाचकासाठी हा मुद्दा दूरचा नाही. व्हर्न यांचा कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार असून १८५७ च्या उठावात सहभागी होता, हे ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये उघड होते. पाणबुडी ही त्याच्या पराभवानंतरची निर्मिती आहे. १९५४ च्या डिस्ने चित्रपटात जेम्स मेसन यांच्या नेमोची ही ओळख नाहीशी झाली. २००३ च्या ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमन’मध्ये नसीरुद्दीन शाह यांच्या रूपाने ती परतली, परंतु तेथे नेमो ब्रिटिशांच्या मोहिमेत सामील होतो आणि त्याचे भारतीयत्व पाणबुडीवरील नक्षीपुरते उरते. त्याची कहाणी गळते, अलंकरण तेवढे टिकते.

व्हर्न यांच्याच १८८० च्या ‘द स्टीम हाउस’मध्ये वाफेवर चालणारा पोलादी हत्ती उठावानंतरच्या भारतातून युरोपीय प्रवाशांची चाकांवरील घरे ओढत नेतो, नानासाहेब पेशवे तेथे खलपुरुष आहेत. व्हर्न यांच्या नांत या जन्मगावी २००७ पासून सुमारे १२ मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती प्रवाशांना फिरवितो. त्याच्या सांध्यांची हालचाल विलोभनीय आहे. तो पूर्वीच्या जहाजबांधणी कारखान्यांच्या जागेवर फिरतो, हे जाणल्यावर त्या हालचालीला श्रमाच्या इतिहासाची जोड मिळते.

समारोप

सारांश, स्टीमपंकचे आकर्षण दृश्यमानतेत आहे, आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. टोपीवर चिकटविलेले, काहीही न फिरविणारे दंतचक्र ही निव्वळ सजावट ठरते. जी कलाकृती चाकाबरोबर ते फिरविणारा हात आणि त्या हाताने मोजलेली किंमत दाखविते, तीच या शैलीचे आश्वासन पूर्ण करते. समीक्षेने या शैलीचे मूल्यमापन याच निकषावर करणे आवश्यक आहे.